चाकजुळणी, फियाट–पद्मिनी मोटारींची

फियाट 1100 घराण्यातील जुन्या मोटारी वेगात स्थिर राहाव्यात आणि वळणावर नेमक्या वळाव्यात, यासाठी त्यांच्या पुढच्या चाकांचे कोन ठरवण्याची रीत. गॅरेजमध्ये हिला ‘अलाइनमेंट’ म्हणतात; टायर एका बाजूने खाल्ला जाऊ लागला किंवा गाडी डावीकडे ओढू लागली की बहुतेक मालकांना तिची आठवण होते.

मोटार. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. फियाट 1100 डिलाइट तेथूनच बाहेर पडली आणि 1974 पासून तीच मोटार प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. 1089 घ. सेंमी. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. पुढे कॉइल स्प्रिंग व दुहेरी विशबोन, मागे पाट्यांवर बसवलेली ताठ धुरा. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर या मोटारी शर्यतींत धावल्या. मुंबईकरांना मात्र त्या टॅक्सी म्हणूनच ठाऊक.

आधीची तपासणी. कोनांचे आकडे ठरवण्यापूर्वी किंगपिन (पुढचे चाक ज्याभोवती वळते तो खिळा), टायरॉड एंड, विशबोनचे बुश, व्हील बेअरिंग आणि स्टेअरिंग बॉक्समधील ढिलाई पाहावी लागते. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवले आणि ते लटपटले, तर दोष किंगपिन किंवा बेअरिंगमध्ये असतो. ब्रेक दाबून पुन्हा हलवल्यावर लटपट थांबली तर बेअरिंग, न थांबल्यास किंगपिन. किंगपिनला वेळच्या वेळी ग्रीस न मिळाल्यास त्याचे बुश झिजतात. अशा गाडीवर यंत्राने दाखवलेला कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) पहिल्याच खड्ड्यात बदलतो. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने खरे काम येथेच असते. पुढचे आकडे त्यानंतरचे.

टो. चाकांची पुढची टोके मागच्यांपेक्षा जवळ असली तर टो-इन, लांब असली तर टो-आउट. मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या मोटारीत रस्त्याचा रोध पुढची चाके बाहेर फाकवतो, म्हणून उभ्या गाडीत थोडे टो-इन ठेवतात. आटे असलेले टायरॉड फिरवून हे घरच्या अंगणातही बदलता येते, त्यामुळे मालकाच्या हातात असलेला हा सर्वांत स्वस्त कोन. 14 इंची रिमवर एकूण 1 मिमी टो म्हणजे साधारण 10 मिनिटांचा कोन. क्रॉस-प्लाय टायरसाठी ठेवलेले टो-इन रेडियल बसवल्यावर सहसा कमी करतात. चपळ चालीसाठी 0 ते 1 मिमी एवढेच ठेवणारे पुष्कळ. टो-आउटने गाडी वळणात चटकन शिरते, पण सरळ रस्त्यावर भरकटते आणि टायरच्या आतल्या कडा खाते. म्हणून रोजच्या गाडीत ते टाळलेले बरे. टायरॉड दोन्ही बाजूंनी सारखे फिरवले नाहीत तर टो बरोबर असूनही स्टेअरिंग तिरके राहते.

कॅम्बर व कॅस्टर. कॅस्टर म्हणजे बाजूने पाहता किंगपिनचा कल. दुहेरी विशबोन रचनेत हे दोन्ही कोन साधारणतः आर्मच्या बैठकीखाली शिम घालून किंवा काढून बदलतात. ते बदलले की टोही बदलतो, म्हणून टो शेवटी. मूळ आकडे 5.20–14 मापाच्या क्रॉस-प्लाय टायरसाठी होते. रेडियलवर जोरात वळताना बाहेरच्या चाकाची पकड टिकावी म्हणून अर्धा ते एक अंश ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत) देतात. त्याहून अधिक कॅम्बर रस्त्यावरच्या गाडीला कितपत उपयोगी, याबाबत मतभेद आहेत. धन कॅस्टर (किंगपिनचे वरचे टोक मागे) वाढवल्यास गाडी सरळ रेषा धरते आणि वळताना बाहेरच्या चाकाला आपोआप ऋण कॅम्बर मिळतो. किंमत एकच : पॉवर स्टेअरिंग नसल्याने पार्किंगमध्ये हात भरून येतात. गाडी बसकी दिसावी म्हणून स्प्रिंग कापणाऱ्यांच्या गाडीत टायरॉडचा कल बिघडतो आणि खड्ड्यागणिक टो बदलतो. हा दोष अलाइनमेंटने जात नाही.

मागील चाके. जुळणीची सोय नाही. पाट्याचा मधला बोल्ट तुटून धुरा सरकली आहे का, एवढे पाहावे.

मोजणी. चारही टायरमध्ये योग्य हवा, जमीन सपाट, चालकाच्या जागेवर त्याच्याइतके वजन. यंत्राच्या संगणकात या मोटारीची नोंद नसल्यास कारागीर दुसऱ्या गाडीचे आकडे लावण्याचा संभव असतो. आपले आकडे कागदावर लिहून न्यावेत. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणून टो मोजण्याची जुनी पद्धत सावकाश केल्यास आजही पुरेशी अचूक ठरते.

मानखुर्द. जुळणी रोजच्या रस्त्यांनुसारही ठरते. मुंबईच्या या उपनगरात सायन–पनवेल महामार्ग, घाटकोपर–मानखुर्द जोडरस्ता आणि अवजड वाहनांची वर्दळ, त्यामुळे येथे केवळ ट्रॅकसाठीची जुळणी टिकत नाही. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला डावीकडे उतार असतो व गाडी तिकडे सरकते. त्यावर डाव्या चाकाचा कॅस्टर उजव्यापेक्षा किंचित जास्त ठेवण्याचा उपाय करतात. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते, हे त्यामागचे कारण. वाशीच्या खाडीपुलाकडे जाताना सुरक्षित वेगात ही ओढ ताडून पाहता येते.

कायदा. मुंबईत टॅक्सींना 20 वर्षांची मर्यादा असल्याने, 2003 मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये सेवेतून गेली. खासगी गाड्यांना ही मर्यादा नाही. 15 वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. 50 वर्षांहून जुन्या मोटारींसाठी 2021 मध्ये व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आले. त्याखालील गाडी मूळ रूपात असावी लागते आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही.