संक्षुब्ध प्रवाह निवळतो

प्रवाह आधी शांत व स्तरीय असतो, वेग वाढला की संक्षुब्ध होतो, आणि एकदा संक्षुब्ध झाला की मागे फिरत नाही, अशी समजूत अभियंत्यांतही रुजलेली आहे. तिला उष्मागतिकीचा टेकू दिला जातो. निसर्गात अव्यवस्था वाढतच जाते, मग भोवऱ्यांनी विस्कटलेला प्रवाह पुन्हा सुरळीत कसा व्हावा? हा पूर्वपक्ष पटण्याजोगा दिसतो, पण तो चूक आहे. तो चूक का, हे नीट मांडण्याचे मोठे काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोद्दम नरसिंह आणि त्यांचे विद्यार्थी के. आर. श्रीनिवासन यांनी केले.

आधी एकोणिसाव्या शतकातील अभियंता रेनल्ड्सकडे जाऊ, कारण साक्ष त्याचीच काढली जाते. मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची रेघ सोडण्याचा त्याचा प्रयोग सर्वांना ठाऊक असतो. पण १८८३च्या त्याच निबंधात दुसरा प्रयोग आहे. त्यात पाणी नळीत शिरतानाच खळबळलेले होते, आणि कोणत्या वेगाखाली ती खळबळ पुढे विरून जाते हे त्याने शोधले. पुस्तकांत छापला जाणारा सुमारे २००० हा रेनल्ड्स अंक (वेग, नळीचा व्यास आणि द्रवाचा चिकटपणा यांवरून निघणारा आकडा) या दुसऱ्या प्रयोगाशी जुळतो. काळजी घेतली तर रंगाची रेघ त्याच्या कितीतरी पट अंकापर्यंत सरळ राहते, हेही त्यानेच पाहिले होते. म्हणजे २००० ही शांत प्रवाह बिघडण्याची ठरलेली मर्यादा नव्हे. तिच्याखाली बिघडलेला प्रवाह निवळतो.

उष्मागतिकीचा आक्षेपही तपासू. संक्षोभ हा समतोल नाही. भोवरे जगतात ते मुख्य प्रवाहातील वेगाच्या फरकातून मिळणाऱ्या ऊर्जेवर, आणि श्यानता, म्हणजे द्रवाचा चिकटपणा, ती ऊर्जा सतत उष्णतेत जिरवत असते. ही रसद तोडली की भोवरे विझतात, आणि विझताना एन्ट्रॉपी वाढतेच. कोणताही नियम मोडत नाही. २०१८मध्ये ऑस्ट्रियात ब्योर्न होफ यांच्या गटाने नळीतला संक्षुब्ध प्रवाह रोटरांनी आणखी घुसळला. त्यामुळे नळीच्या मध्यापासून कडेपर्यंत वेग सारखा झाला, भोवऱ्यांची रसद आटली आणि पुढे सगळा प्रवाह स्तरीय झाला. अधिक घुसळण्याने शांतता यावी, हे जुन्या समजुतीत कुठेच बसत नाही.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की रेनल्ड्स अंक लहान असताना हे ठीक, मोठ्या अंकाला काय? नरसिंह-श्रीनिवासन यांचा १९७३चा निबंध नेमका इथे भिडतो. नॉझलमध्ये किंवा विमानाच्या पंखाच्या पुढच्या कडेवर प्रवाह झपाट्याने वेग घेतो, तेव्हा अंक मुळीच लहान नसतानाही सीमास्तर, म्हणजे भिंतीलगतचा प्रवाहाचा पातळ थर, स्तरीय प्रवाहासारखा वागू लागतो. त्यांचे उत्तर असे, की तिथे भोवरे मरत नाहीत, निष्प्रभ होतात. बाहेरच्या थरात त्यांचे ताण जवळजवळ होते तसे गोठून राहतात, पण दाबाच्या प्रचंड रेट्यापुढे त्यांना किंमत उरत नाही. आणि भिंतीलगत नवा स्तरीय थर वाढू लागतो. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. भोवरे आहेत की नाहीत, एवढे पाहून भागत नाही. प्रवाहाच्या गतीवर त्यांची सत्ता चालते का, हे पाहावे लागते.

१९७९च्या विस्तृत समीक्षेत दोघांनी निवळण्याच्या वाटा एकत्र मांडल्या: श्यानतेने ऊर्जा जिरणे, बाहेरच्या बलाने ती शोषली जाणे, आणि वर सांगितलेला प्रवेग. दुसरी वाट आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे दिसते. जमीन थंड पडते, तिच्यालगतची हवा जड होते, ती वर उचलण्यात भोवऱ्यांची शक्ती संपते आणि चुलींचा धूर गावावर आडवा पसरून राहतो. चुंबकीय क्षेत्रात पारा असाच शांत होतो. हार्टमन आणि लाझारुस यांनी ते १९३७मध्येच दाखवले होते.

राहिला एक आक्षेप: भोवऱ्यांचे अवशेष उरतात, मग हे खरे परतणे कसे? दोघांची कसोटी अशी, की संक्षोभाचे कोणतेही प्रतिमान न वापरता प्रवाहाची पुढची वाटचाल समजत असेल तर तो निवळला. ही पळवाट नाही. नॉझलच्या भिंतीला किती उष्णता मिळेल हे या कसोटीवर ठरते, आणि संक्षोभ गृहीत धरून केलेले गणित तिथे ती उष्णता वाजवीपेक्षा जास्त दाखवते.

रेनल्ड्स अंक शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने रंगाच्या रेघेबरोबर १८८३चा दुसरा प्रयोगही सांगावा.