अजिंठ्याच्या जपानी प्रतिकृती

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील अजिंठा लेण्यांतील भित्तिचित्रांच्या, जपानी चित्रकारांनी १९१७-१८ मध्ये केलेल्या व पुढे नष्ट झालेल्या प्रतिकृती.

जपानमध्ये प्रतिकृतीची कला टांगत्या चित्रपटांच्या (काकेमोनो) संग्रहाबरोबर वाढली. कागदावर वा रेशमावर काढलेली ही चित्रे प्रसंगी भिंतीवर टांगीत व एरवी गुंडाळून पेटीत ठेवीत. शाईने रंगविलेले वानर, करकोचे व वाघ हे त्यांतील आवडते विषय होत. क्योतो येथील दाइतोकुजी मंदिराच्या संग्रहात मू-ची या तेराव्या शतकातील चिनी भिक्षूची वानर व करकोचा यांची चित्रे आहेत. हासेगावा तोहाकूच्या (१५३९–१६१०) वानरचित्रांवर त्यांचा प्रभाव दिसतो. अशी मूळ चित्रे क्वचितच पाहावयास मिळत. त्यामुळे जुन्या चित्रांची नक्कल हा चित्रकाराच्या शिक्षणाचा पाया ठरला.

याच परंपरेतील आराई कान्पो (१८७८–१९४५) हे रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून १९१६ मध्ये कलकत्त्यास आले व त्यांनी तेथे जपानी चित्रतंत्र शिकविले. जपानमधील होर्यूजी मंदिराच्या भित्तिचित्रांचे अजिंठ्याशी असलेले साम्य तेथील अभ्यासकांना जाणवले होते. १९१७-१८ च्या हिवाळ्यात आराई यांनी सहकाऱ्यांसह, तत्कालीन निजामाच्या राज्यातील या लेण्यांत प्रतिकृती केल्या. त्या तोक्यो येथील विद्यापीठात ठेवण्यात आल्या. तथापि १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत त्या जळाल्या. तत्पूर्वी रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये व जॉन ग्रिफिथ्स यांच्या अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये अशाच भस्मसात झाल्या होत्या.

जपानी प्रतिकृतींची हानी विशेष गंभीर होय. १९२०–२२ या काळात इटालियन तज्ञांनी अजिंठ्याच्या चित्रांवर लाखेचे रोगण दिले. ते कालांतराने पिवळे पडून मूळ रंग झाकोळले. रोगणापूर्वीच्या रंगांची नोंद करणाऱ्या अखेरच्या प्रयत्नांपैकी हा एक होता.

होर्यूजी येथे याउलट घडले. तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचे काम १९४० मध्ये सुरू झाले व त्यातही आराई यांचा प्रमुख सहभाग होता. २६ जानेवारी १९४९ रोजी मूळ चित्रेच आगीत होरपळली. तेव्हा या प्रतिकृती व १९३५ मधील छायाचित्रे यांच्या आधारे १९६७-६८ मध्ये ती नव्याने रंगविण्यात आली. १९४९ च्या या दुर्घटनेतूनच जपानचा सांस्कृतिक संपत्ती संरक्षण कायदा (१९५०) अस्तित्वात आला.