शेत सुटले, पेंढी दाराशी आली

अमेरिकेत ऑक्टोबर लागला की घरोघरच्या पायऱ्यांवर एक लहानसे खेडे येऊन बसते. मक्याच्या वाळक्या ताटांची पेंढी खांबाला बांधलेली, तिच्या पायाशी दोन-चार भोपळे, जुन्या सदऱ्यात पेंढा कोंबून उभे केलेले बुजगावणे आणि दारावर गोणपाटाच्या पट्ट्यांची फुले. यातले बरेचसे घरीच आणि स्वस्तात करायचे, ही त्यातली खरी हौस. सुतळी, डिंक, सुकी कणसे, रंगीत कागद एवढ्या भांडवलावर पोराबाळांसकट सारे घर एक रविवार रंगून जाते. आपल्याकडे कामट्या आणि खळीचे भांडे घेऊन आकाशकंदिलाला बसतात, साधारण त्याच दिवसांत.

मौज ही की, हा साज करणाऱ्या बहुतेकांनी आयुष्यात मका पेरलेला नसतो. या शोभेचा इतिहास पाहू लागावे, तर ज्या वस्तूचे शेतातले काम संपले तीच दारावर शोभेला आली, असे इतक्यांदा आढळते की त्याला योगायोग म्हणणे जड जाते.

आरंभी मात्र हे कुणब्याचेच होते. ब्रिटनमध्ये पुष्कळ ठिकाणी शेवटची पेंढी कापण्याला मोठा मान असे. तिच्या काडांची वेणी घालून बाहुली करीत आणि ती पुढल्या हंगामापर्यंत घरात टांगून ठेवीत. जेम्स फ्रेझरने 1890 साली ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथात अशा चालींची रासच घातली आणि पिकात वसणाऱ्या धान्यदेवतेचा सिद्धांत तिच्यावर रचला. पुढच्या संशोधकांना तो तितकासा मानवला नाही. ते काही असो, काड फुकट होते आणि बोटे सवयीची होती.

आयर्लंडात सलगम कोरून दिवे करीत. डोनेगल परगण्यातल्या अशा एका दिव्याचा प्लास्टरचा साचा मेयो परगण्यात टर्लो येथील ग्रामजीवनाच्या संग्रहालयात आहे. खोल गेलेले डोळे, वेडेवाकडे दात. हसरा अमेरिकन भोपळा त्याच्यापुढे अगदी बाळसेदार वाटतो! 1845 साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला. त्यापुढच्या काही वर्षांच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि निदान तितकीच देश सोडून गेली. त्या निर्वासितांनी अमेरिकेत सलगमाऐवजी भोपळा हाती घेतला, अशी कथा सर्वत्र सांगतात. ती अर्धीच खरी असावी. मॅसॅच्युसेट्सचा कवी जॉन ग्रीनलीफ व्हिटियर 1807 साली एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. ‘द पम्पकिन’ या कवितेत तो आपल्या लहानपणीचे, कोरून आत मेणबत्ती लावलेले भोपळे आठवतो. म्हणजे दुष्काळाच्या चांगली पंचवीस-तीस वर्षे आधी तेथील शेतकऱ्यांची पोरे हा उद्योग करीत होती. शिवाय ती कविता भुतांच्या रात्रीची नसून सुगीनंतरच्या आभाराच्या सणाची आहे. भोपळा आधी सुगीचा होता. भुताटकीचा तो पुढे झाला. भोपळा मुळात अमेरिकेचाच. आपला तांबडा भोपळाही त्याच खंडातून आलेला, तेव्हा लेकीकडे निघालेल्या आपल्या म्हातारीचे वाहनसुद्धा परदेशी म्हणायला हवे!

मग शहरे वाढली. 1844 साली मेन राज्यात दागिन्यांच्या डब्या करण्यापासून आरंभ केलेली डेनिसन कंपनी शतकाच्या अखेरीस क्रेप कागद विकू लागली होती. तो खपवायचा कसा? तिने 1909 साली ‘बोगी बुक’ नावाची पुस्तिका काढली. ऑक्टोबरच्या अखेरीस होणाऱ्या हॅलोविनच्या मेजवानीसाठी कागदाची तोरणे, टोप्या, पोशाख कसे करावेत, हे तिच्यात चित्रांसह सांगितलेले. 1912 पासून अशा पुस्तिका नेमाने निघत राहिल्या. थोड्या पैशांत दिवाणखान्याचे खळे करून देणारी ही विद्या होती, आणि ती शिकणाऱ्यांत शहरातल्या गृहिणी असणार, हे सांगायला नको. 1920 च्या जनगणनेत अमेरिकेतली निम्म्याहून अधिक वस्ती प्रथमच नागरी भरली. ही दोन सालें शेजारी ठेवून पाहावीत.

मक्याच्या ताटांचेही तसेच. पूर्वी मका हाताने कापून, ताटे उभी करून, मध्ये बांधून शेतात त्यांची बुचाडे करीत. कणसे वाळली की सोलायची. कणसे तोडणारी यंत्रे आली आणि ताटे जागच्या जागी मातीत जाऊ लागली. शेतातली बुचाडे दिसेनाशी झाली, आणि तशीच पेंढी आता बाजारातून विकत आणून दारात उभी करतात.

इंग्लंडात तर याचे सरकारी थाटात दर्शन झाले. 1951 साली लंडनला ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ भरला. तेथे एसेक्समधल्या फ्रेड मिझेन नावाच्या कारागिराने गव्हाच्या काडाचे सिंह आणि एकशिंगी घोडा विणून ठेवले. लोकांनी डोळे भरून पाहिले. त्याच सुमारास कापणी-मळणीचे संयुक्त यंत्र इंग्लंडच्या शेतांत शिरत होते. ते काड मोडून टाकते. आणि नव्या वाणांची काडे आखूडही झाली. परिणाम असा की, जे काड फुकट होते ते मुद्दाम मागवावे लागू लागले. 1964 साली आलेला ‘मॅरिस विजन’ हा लांब काडाचा गहू आज मुख्यतः छपरे शाकारण्यासाठी आणि या बाहुल्यांसाठी पेरतात.

आता गोणपाट. अमेरिकेच्या ‘खेडवळ’ साजातला हा मानकरी, आणि त्याचा ताग मात्र जवळजवळ सगळा बंगालच्या मातीतला, म्हणजे भारत आणि बांगलादेशातला. हुगळीकाठी रिशड्याला तागाची पहिली गिरणी 1855 साली सुरू झाली. पुढे जगभरचे धान्य आणि बटाटे तागाच्या पोत्यांतून हिंडले. मग कागदाच्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, अमेरिकन कोठारातून पोते हद्दपार झाले आणि थोड्याच वर्षांत फीत होऊन दारावर चढले. जगाच्या त्या टोकाला कोणी बाई आपल्या आजोबांच्या शेताची आठवण म्हणून जे कापड चिकटवते, त्याचा ताग बंगालच्या पाण्यात कंबरभर उभ्या राहिलेल्या माणसाने सोललेला असतो.

आपल्याकडे कोकणात अजून नवे बांधतात. भाताची लोंबी, आंब्याचे पान, कुरडूचे फूल, झेंडू. गोव्यातल्या ख्रिस्ती गावांतूनही नवी कणसे देवळात नेऊन आशीर्वाद घेण्याची चाल आहे. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात जावे, तर झेंडूच्या राशींमध्ये लोंब्यांच्या जुड्या विकायला बसलेल्या बाया दिसतात. घेणाऱ्यांपैकी कित्येकांनी चिखलात पाय घातलेला नसतो. पण ती जुडी अजून कुठल्या तरी खाचरातली असते. यंत्राखाली गेलेल्या भाताची जुडी बांधता येत नाही. त्याला विळाच लागतो, आणि तो धरणारा हात.