गुबगुबीत ‘मोदका’ची कुळकथा

सोसायटीच्या महाप्रसादाची नोटीस मी एकदा हौसेनं ‘मोदक’ फॉन्टात टाईप केली. सगळीच्या सगळी, आणि तीही बारा पॉइंटात. झेरॉक्स हातात आली तेव्हा ‘भ’ कुठला नि ‘म’ कुठला, पत्ता लागेना. दोष फॉन्टचा नव्हता, माझा होता.

‘मोदक’ मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या गटाचा. देवनागरी अक्षरं सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची; त्यांना शोभतील अशी गुटगुटीत रोमन अक्षरं नूपुर दात्ये यांनी केली. २०१५ पासून तो गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. आधी हातानं रेखाटलेला आणि मग संगणकात गेलेला हा फॉन्ट. देवनागरीत इतका लठ्ठ गडी त्याआधी बहुधा झाला नसावा.

न होण्याला कारण होतं. रोमन ‘ओ’ जाड करायचा तर बाहेरून फुगवा, कोण अडवतंय? आपलं अक्षर शिरोरेघेला टांगलेलं. डोक्यावर मात्रा-वेलांट्या, पायाशी उकार, शेजारी काना. फुगायचं तर आतल्या बाजूला, आणि आत आधीच दाटी: ‘भ’ची गाठ, ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ, ‘क्ष’चा गुंता. जाडी वाढली की पोट बुजतं आणि अक्षराचा डाग होतो. म्हणून शहाणी माणसं वेळीच थांबतात.

ही मंडळी थांबली नाहीत. त्यांनी अक्षराच्या पोटातली मोकळी जागा दोऱ्याएवढ्या पांढऱ्या रेघेवर आणून ठेवली. ‘क’ मोठा करून पाहा: दोन्ही बाजूंचे फुगे टम्म, आणि आत नखानं ओढावी तशी एक चीर. एक फटकारा दुसऱ्यावर खुशाल चढून बसतो. ही चीर कुठून कुठे न्यायची, म्हणजे अक्षराचा मूळ चेहरा राहील, हे प्रत्येक अक्षरापुरतं वेगळं ठरवावं लागलं. जोडाक्षरांत काय हाल झाले असतील! मला तरी त्या चिरा उकडीच्या मोदकाच्या कळ्यांसारख्या दिसतात. नाव अगदी चपखल आहे.

पण दोऱ्याएवढी रेघ दिसायला अक्षर हातभर नाही तरी बोटभर हवं. बालनाट्याचं पोस्टर, गोळेवाल्याच्या गाडीवरची पाटी, मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ इथे तो खुलतो, तेही दोन-तीन शब्दांत. परिच्छेद त्याच्या हवाली करू नये. शोकसभेच्या पत्रकाला तर नाहीच नाही.

पुढच्या वर्षी नोटिशीत ‘महाप्रसाद’ एवढाच शब्द मोदकात घेतला, चांगला टपोरा. वेळ, जागा आणि वर्गणीची थकबाकी त्याच गटाच्या ‘मुक्त’ या सडपातळ फॉन्टात. तरी तळमजल्यावरच्या काकांनी अडवलंच, “जेवणाची वेळ एवढी बारीक का रे लिहिलीस?”