विहिरीची खोली सांगणारा मुलगा

स्वमग्नतेचा इतिहास बहुधा १९४३पासून सांगितला जातो. त्या वर्षी बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. मला मात्र त्यांचा १९७१चा निबंध अधिक मोलाचा वाटतो. त्या अकरांचे पुढे काय झाले, याचा शोध त्यात आहे.

त्यांतला पहिला डोनाल्ड, मिसिसिपीचा. १९४२मध्ये आईवडिलांनी त्याला घरापासून दहाएक मैलांवर, खंडाने शेती कसणाऱ्या एका जोडप्याकडे ठेवले. १९४५मध्ये कॅनर तिथे गेले आणि त्या दोघांचे शहाणपण पाहून थक्क झाले. डोनाल्डला मोजमापाचे वेड होते. त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि खोली सांगायचे काम दिले. मक्याच्या ओळी तो पुन्हापुन्हा मोजी. त्यांनी त्या नांगरता नांगरता मोजायला लावल्या. मेलेले पक्षी-किडे तो गोळा करी. त्यांना पुरायला त्यांनी जागा नेमून दिली. कॅनरांच्या देखत त्याने सहा लांब तासे नांगरली, घोडाही नीट वळवला.

इथे वेड मोडलेले नाही. ते कामाला जुंपले आहे. जीवनकौशल्ये शिकवण्याचे हे मर्म शास्त्राला उमगायला वेळ लागला. १९६७मध्येही ब्रूनो बेटलहाइम आईवडिलांच्या कोरडेपणालाच दोष देत होते. नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉप्लर यांनी उलट वाट धरली. त्यांनी पालकांनाच सहशिक्षक केले. १९७२पासून राज्याच्या आधाराने चाललेल्या त्यांच्या उपक्रमात दिवसाचा क्रम चित्रांनी मांडणे, कामाच्या लहान पायऱ्या पाडणे आणि मुलाच्या आवडीचा आधार घेणे, ही शिकवण्याची रीत झाली.

डोनाल्डच्या यशाचे सारे श्रेय त्या शेताला देता येणार नाही. त्याचे घराणे सधन होते. पुढे त्याला नोकरी मिळाली तीही घरच्यांच्या बँकेत. तो मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळला, जग हिंडला आणि २०२३मध्ये वारला. पण त्याच अकरांतली काही मुले सरकारी मनोरुग्णालयांत गेली. तो प्रवेश जन्मठेपेसारखाच ठरला, असा कॅनरांचा निष्कर्ष आहे.

आजार तोच, मुले एकाच यादीतली. म्हणून या इतिहासाला मी निदानाइतकाच एक दुसरा प्रश्न विचारतो: त्या मुलाला करण्याजोगे काम कोणी दिले?