लुगड्यातून लंगोट, लंगोटानंतर डायपर : कोल्हापुरातील बाळवस्त्राचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

कोल्हापूरच्या इतिहासलेखनात करवीरची गादी, तालमी, गूळ, चित्रपट आणि सहकार यांना मानाचे स्थान आहे. बाळाच्या लंगोटाला अर्थातच नाही. लंगोट हा शब्द या शहरात उच्चारला की पहिल्यांदा आठवते ती तालमीतील लाल माती आणि खासबागचे मैदान. पाळण्यावरच्या दोरीवर वाळत घातलेले तिकोनी फडके आठवत नाही. याचे एक कारण सरळ आहे. ते फडके विकत आणले जात नव्हते, आणि ज्या वस्तूची खरेदी-विक्री होत नाही तिचा कागद सहसा मागे राहत नाही. त्यामुळे तिचा इतिहास शोधायचा तर कापड, पाणी आणि धुणाऱ्या हातांचा माग काढावा लागतो.

आज प्रसूतिगृहातून घरी येण्यापूर्वीच तरुण दांपत्याला ‘कापडी की डायपर’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. बहुतेक चर्चेत हा प्रश्न खर्च, त्वचेवरील पुरळ आणि पर्यावरण या तीन अंगांनी मांडला जातो. त्या तिन्ही अंगांचे महत्त्व मान्य करूनही, बाळाची घाण कोणी काढायची हा यातील मूळ प्रश्न होय, आणि त्याचे उत्तर प्रत्येक पिढीने वेगळ्या हातांकडे सोपविले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

लुगड्याचे आयुष्य

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १९०६ मध्ये, कोल्हापुरात शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. त्याआधी दोन वर्षे, १९०४ मध्ये, इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला होता आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा या धंद्याला आश्रय होता. म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभापासून या परिसराला सुती कापडाची उणीव नव्हती. तरीही नवे कापड तान्ह्या बाळाच्या अंगाला लागत नसे. नव्या कापडात खळ असते, ते टोचते. शिवाय बाळाला पहिले वस्त्र जुन्याचेच घालावे, नवे कोरे घातल्यास दृष्ट लागते, अशी समजूत होती. समजुतीच्या पोटात व्यवहार होता. चार-पाच वर्षे नेसून, आपटून, धुऊन मऊ झालेल्या लुगड्याइतके पाणी शोषणारे आणि कातडीला न दुखवणारे कापड त्या काळी दुसरे मिळणे कठीण होते.

नऊवारी लुगड्याला एक निश्चित आयुष्यक्रम असे. आधी सणावाराला, मग रोजच्या वापराला. विरले की त्याचा धडका भाग वाकळेच्या वरच्या थराला जाई, आणि मऊ भाग दुपट्यांना व लंगोटांना. आजोबांच्या धोतराचीही तीच गत. लंगोट फाटला की त्याचे पोतेरे होई आणि पोतेऱ्याचा शेवट चुलीत किंवा उकिरड्यात. बाळंतविड्यात कुंची, झबली, टोपरी, लाळेरी असत. ती पाहुण्यांना दाखवायची वस्त्रे. लंगोटांची चळत मात्र बाळंतपणाच्या आधीच आजी फाडून, घड्या घालून ठेवी आणि त्याचे कौतुक कोणी करीत नसे. बाळाच्या कमरेवर असलेले फडके हे घरातील कोणा बाईच्या पाच वर्षांच्या संसाराचा अंश होते, असे म्हटले तर ते काव्य वाटेल. पण वस्तुस्थिती तशीच होती.

धुणारे हात

तान्ह्या बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट सहज लागतात. ते धुणार कोण? गावगाड्यात परीट हा बलुतेदार होता आणि सोयराच्या दिवसांतील बाळंतिणीची धुणी बऱ्याच घरांत परटीण किंवा सुईण करीत असे. मोबदला धान्याच्या, खणाच्या किंवा जुन्या लुगड्याच्या रूपाने मिळे. अशुद्ध मानलेले काम ज्यांच्याकडे ढकलले गेले, त्यांचे स्थान त्या कामावरूनच ठरविले गेले. सोयर फिटल्यावर हे काम घरात येई. पहिलटकरीण माहेरी असल्याने तेव्हा आई, आजी, धाकटी बहीण यांच्या वाट्याला ते जाई. पुढील बाळंतपणांत धाकटी जाऊ किंवा स्वतः बाळंतीणच ओली धुणी पिळू लागे. पुरुषाच्या वाट्याला ते कधीच आले नाही.

शहरातील धुण्याची ठिकाणे ठरलेली होती : पंचगंगेचा घाट, विहिरी, आणि रंकाळ्याकाठची ‘धुण्याची चावी’. या जागांचा उल्लेख जलव्यवस्थेच्या संदर्भात होतो. बालसंगोपनाच्या संदर्भात व्हायला हवा, तो होत नाही. पावसाळ्यात प्रश्न बिकट होई. कोल्हापूरचा पाऊस जून ते सप्टेंबर अंगण कोरडे राहू देत नाही. अशा वेळी शेगडीत निखारे घालून त्यावर बांबूची पाटी उपडी ठेवीत आणि पाटीवर लंगोट पसरीत. ओवा, धूप टाकून बाळ-बाळंतिणीला शेक-धुरी देण्याची शेगडी आणि ही शेगडी बहुधा एकच असे. ऊन, राख, उकळते पाणी आणि निखारा हे त्या काळचे जंतुनाशक. ते अपुरे पडे तेव्हा बाळाच्या मांड्या लाल होत, आणि दोष धुणाऱ्या बाईला लागे.

जुने कापड घराबाहेर जाते

सर्वसाधारण समज असा की, डायपर आले म्हणून लंगोट गेले. क्रम पाहिला तर लंगोटाचा पाया त्याआधीच खचलेला दिसतो. १९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत नायलॉनच्या गोल पातळांनी आणि टेरिलिनच्या शर्टांनी घराघरांत प्रवेश केला. नऊवारीची जागा पाचवारीने घेतली, धोतराची पँटने. कृत्रिम धाग्याचे कापड लवकर विरत नाही, आणि विरले तरी पाणी शोषीत नाही. त्याच सुमारास दारावर येणाऱ्या बोहारणीने जुन्या कपड्यांना स्टीलच्या भांड्यांची किंमत दिली. जे जुने कापड पूर्वी घरातच जिरत होते, त्याला बाहेरचा रस्ता मिळाला. २००३ मध्ये शाहू मिल बंद पडली तोवर मऊ सुती फडक्यांची घरगुती शिल्लक पुष्कळ कुटुंबांत आटली होती. पुढे दुकानातून तयार शिवलेले लंगोट आणावे लागले; तेथेच लंगोट ही बाजारातील वस्तू झाली आणि दुसऱ्या वस्तूशी तिची तुलना शक्य झाली.

ती दुसरी वस्तू दूरवर तयार होत होती. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन यांनी न्हाणीघराच्या पडद्याच्या कापडापासून लंगोटावरचे जलरोधक आवरण शिवले आणि १९५१ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या ‘पॅम्पर्स’ची पहिली बाजारचाचणी १९६१ मध्ये झाली, किंमत जास्त असल्याने ती फसली. १९८० च्या दशकात सोडियम पॉलिॲक्रिलेटसारखे, स्वतःच्या वजनाच्या अनेक पट पाणी धरून ठेवणारे पदार्थ वापरात आले तेव्हा डायपर पातळ झाला आणि रात्रभर टिकू लागला. भारतात १९९४ मध्ये किंबर्ली-क्लार्क आणि हिंदुस्थान लिव्हर यांची भागीदारी झाली व ‘हगीज’ हे नाव शहरी बाजारात रुळले. मराठी कानांना त्या नावाचा अर्थ भलताच लागला, आणि कदाचित त्यामुळेच ते नाव इतके पक्के बसले की, कोणत्याही कंपनीच्या डायपरला सर्रास ‘हगीज’ म्हटले जाऊ लागले. आरंभी ते प्रवासापुरते, लग्नाकार्यापुरते होते. नोकरी करणाऱ्या आईची रजा संपून बाळ पाळणाघरात जाऊ लागले, सासू-आई वेगळ्या गावी राहिल्या, सदनिकेत अंगण उरले नाही, तसे ते रोजचे झाले. डायपरने या आईची रात्रीची झोप परत दिली, हे कोणत्याही टीकाकाराने विसरता कामा नये.

हिशेब कोणाच्या नावे

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००५ मध्ये केलेला आणि २००८ मध्ये सुधारलेला अभ्यास या वादात नेहमी पुढे केला जातो. अडीच वर्षांच्या वापरात एका बालकामागे सुमारे ३,८०० डायपर धरून त्यांचे हरितवायू उत्सर्जन सुमारे ५५० किलो, तर कापडी लंगोटांचे ५७० किलो निघाले. त्यावरून ‘दोन्ही सारखेच’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होय. कापडाचा भार जवळजवळ सगळा धुण्या-वाळवण्यात होता; उन्हात वाळविले, यंत्र पूर्ण भरून चालविले आणि तेच लंगोट दुसऱ्या भावंडाला वापरले, तर तो सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो, असे त्याच अभ्यासात नमूद आहे. कोल्हापुरात वर्षाचे आठ महिने ऊन फुकट आहे आणि भावंडाचे कपडे भावंडाला घालण्याची रीत मुद्दाम शिकवावी लागत नाही. परंतु त्या अभ्यासातील कोष्टकांत धुणाऱ्या बाईच्या तासांसाठी रकाना नाही. डायपर उचलणाऱ्या कामगारासाठीही नाही.

हा दुसरा रकाना पुण्यातील कचरावेचक स्त्रियांनी मागितला. कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायतीच्या (१९९३) पुढाकारातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ संस्थेने २०१३ मध्ये वापरलेले सॅनिटरी पॅड उत्पादक कंपन्यांना परत पाठविण्याची मोहीम केली. कचरा वेचणाऱ्या बाईला पिशवी उघडल्यावरच आत काय आहे ते कळते, आणि तोवर हात भरलेले असतात, एवढाच तिचा मुद्दा होता. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, ही सूचनाही तेथूनच आली. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेले डायपर नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी नागरिकांवर आणि त्यासाठी वेष्टन पुरविण्याची अपेक्षा उत्पादकांवर टाकली. नियम झाला तरी पिशवीची गाठ सोडणारा हात तोच राहिला. कोल्हापुरात हा प्रवास कसबा बावड्याच्या लाईन बाजार परिसरातील कचरा डेपोत संपतो. पूर्वी परटिणीच्या वाट्याला टाकलेले काम आता घंटागाडीवरच्या कामगाराच्या वाट्याला आले. बलुते गेले, वेतन आले, हा फरक लहान नाही. मात्र घाण दिसेनाशी करण्याची सोय ज्या घराला मिळते, ते घर ती काढणाऱ्याला पूर्वीइतकेच ओळखत नाही.

करव्यवस्थेची एक गंमत येथे नोंदवावीशी आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा बाळाच्या डायपरवर १२ टक्के कर होता; सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला. फाडलेल्या लुगड्यावर कर कधीच नव्हता, आणि ते धुणाऱ्या बाईच्या श्रमाची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात कधीच झाली नाही. अलीकडे बटणांचे, बाहेरून पॉलिएस्टरचे आणि आतून सुती घड्यांचे ‘कापडी डायपर’ बाजारात आले आहेत. ते पुन्हा धुवावे लागतात; मग धुण्याचे यंत्र, मोलकरीण आणि आई यांच्यात जुनी वाटणी नव्याने होते. काही घरांत वडीलही त्या वाटणीत आले आहेत. हा या इतिहासातील खरोखर नवा प्रसंग.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शहराची उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि नळाला कित्येक दिवस पाणी नव्हते. बाहेर सर्वत्र पाणी, घरात धुण्यापुरतेही नाही, वर ऊन नाही आणि निवारा केंद्रात शेगडीही नाही. अशा ठिकाणी तान्हे मूल घेऊन बसलेल्या आईपुढे कापडी की डायपर हा प्रश्नच नव्हता. मदतीच्या गठ्ठ्यात जे आले ते तिने वापरले. पूर ओसरल्यावर गल्लोगल्लीचा चिखल आणि त्यातला कुजका कचरा सफाई कामगारांनी फावड्याने भरला, आणि त्यात ते डायपरही होते.