घर पाहावे बांधून : अंदाजपत्रकाबाहेरच्या खर्चाची कथा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच रूढ केली नाही. दोन्ही कार्यांत योजिलेली रक्कम आणि प्रत्यक्ष खर्ची पडलेली रक्कम यांचा मेळ क्वचितच बसतो. हा फरक आपण दैवाच्या किंवा कंत्राटदाराच्या माथी मारून मोकळे होतो. परंतु इतिहासाकडे पाहिले असता असे दिसते की, वाढीव खर्च बहुधा पहिल्या दिवसापासून तेथे असतोच. आपण तो कागदावर मांडावयाचे टाळलेले असते. आपल्या जबलपूरने हा धडा फार महाग किमतीला घेतलेला आहे.

थोरल्या बाजीरावांनी पुण्यात शनिवारवाड्याचा पाया 10 जानेवारी 1730 रोजी घातला आणि 22 जानेवारी 1732 रोजी वास्तुशांत झाली. या कामास 16,110 रुपये लागल्याचे सांगितले जाते. मात्र आज दिसणारा भक्कम तट त्या आकड्यात नाही. तटबंदी पुढे नानासाहेबांच्या काळी पुरी झाली, आणि नव्या इमारती व कारंजी यांची भर तर नंतरच्या पेशव्यांच्या अमदानीतही पडत राहिली. मूळ आकडा खोटा नव्हता; तो केवळ आरंभाचा होता.

परदेशीही निराळे घडत नाही. सिडनीच्या ऑपेरा हाऊसचा प्रारंभीचा अंदाज 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा होता. 1973 साली उद्घाटन झाले तेव्हा खर्च 10 कोटी 20 लाखांवर गेला होता. छताची कवचे कशी उभी करावयाची याचा निर्णय होण्यापूर्वीच 1959 साली खालचे काम सुरू झाले, आणि पुढे ते खांब छताचा भार पेलण्यास अपुरे ठरल्याने पुन्हा करावे लागले. उतावळेपणाचे व्याज असे चुकवावे लागते.

वाढीव खर्चाची कारणे मोजकीच आहेत. जमिनीच्या पोटात काय आहे ते खणल्याखेरीज कळत नाही, हे पहिले. काम निम्म्यावर आल्यावर मालकाचे मन बदलते, हे दुसरे. कुंपण, नळजोड, वीजजोड, परवान्याचे शुल्क, राडारोडा उचलणे या बाबी अंदाजपत्रकात लिहिल्याच जात नाहीत, हे तिसरे. आणि काम रेंगाळले की सिमेंट, सळई व मजुरी यांचे दर वाढतात, हे चौथे. म्हणूनच सरकारी बांधकामाच्या अंदाजपत्रकात ‘आकस्मिक खर्च’ या सदराखाली शेकडा 3 ते 5 रक्कम राखून ठेवण्याचा प्रघात पडला. जुन्या घराच्या दुरुस्तीत तर ही रक्कम याहून मोठी हवी. कारण गिलावा उतरविल्यावाचून भिंतीची खरी प्रकृती उमगत नाही.

आता आपल्या शहराकडे वळू. 1870 साली मुंबई आणि कलकत्ता या दोन्हीकडून आलेले लोहमार्ग जबलपुरात एकमेकांस मिळाले. 1904 साली गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. नोकरीनिमित्त दूरदूरची कुटुंबे येथे आली आणि स्थिरावली. त्यांत आपलीही होती. येथील भूमी दोन स्वभावांची आहे. मदनमहालाच्या बाजूस ग्रॅनाइटचा खडक, तर पाटणकडे पसरलेल्या हवेलीच्या मुलखात काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पायाच्या भिंतींना तडे देते. तेव्हा एकाच नकाशाच्या दोन घरांपैकी एकाला खडक फोडण्याचा, तर दुसऱ्याला खोल पायाचा खर्च येणारच. तो वाचविता येत नाही. फार तर पुढे ढकलता येतो.

पुढे ढकललेल्या खर्चाचा हिशेब 22 मे 1997 रोजी, वैशाखी पौर्णिमेच्या पहाटे सव्वाचारच्या सुमारास झाला. सुमारे 6 रिश्टरच्या त्या भूकंपात चाळिसाच्या आसपास माणसे दगावली. 8 हजारांवर घरे कोसळली आणि 50 हजारांहून अधिक घरांची हानी झाली. त्याआधी चारच वर्षांपूर्वी, 30 सप्टेंबर 1993 रोजी, किल्लारीच्या भूकंपात चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली हजारो जीव गेले होते. इमारती भूकंपात टिकाव धरतील अशा कशा बांधाव्यात, याचे भारतीय मानक 1967 सालीच प्रसिद्ध झाले होते. दारेखिडक्यांच्या वरून सर्व भिंतींतून अखंड फिरणारी, सळया घातलेली काँक्रीटची पट्टी हा त्यातला एक साधा उपाय. बांधतेवेळी तिचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने अल्प असतो. पण ‘येथे कुठला भूकंप?’ असे म्हणून असंख्य घरांत ती घातली गेली नाही.

तीच मजबुती नंतर आणावयाची तर भिंतींना टेकू द्यावे लागतात, गिलावा खरवडावा लागतो, तड्यांत सिमेंटचे पाणी भरावे लागते, दोन्ही अंगांनी जाळी ठोकून पुन्हा गिलावा व रंग करावा लागतो. शिवाय बिऱ्हाड हलविणे आणि दुसरीकडचे भाडे हे निराळेच! जे काम एका पट्टीने भागले असते त्यासाठी सारे घर उलगडावे लागते. आणि गेलेल्या माणसाची भरपाई तर कोणत्याच अंदाजपत्रकात बसत नाही.

परमुलखात स्थिरावलेल्या माणसाला घर म्हणजे केवळ निवारा नसतो, ती त्या भूमीशी जडलेली सोयरीक असते. लोकवर्गणीतून उभ्या राहणाऱ्या संस्थेच्या वास्तूलाही हेच लागू आहे. म्हणून बांधकाम वा जीर्णोद्धार हाती घेताना प्रथम जमीन तपासावी, नकाशा पक्का करावा, जादा कामाचे दर आधीच लेखी ठरवावेत आणि आकस्मिक खर्चाची रक्कम निराळी बाजूस ठेवावी. हात आखडावयाचाच झाला तर तो फरशीत, रंगात, नक्षीत आखडावा. पायात आणि भिंतीत नव्हे. फरशी पुढच्या पिढीला बदलता येईल. पाया मात्र आपण घालू तोच तिच्या वाट्याला येणार आहे.